परभणी क्रांती : एका भेंडीची वंशकथा

कंदमुळे वर्ज्य असलेल्या स्वयंपाकघरात भेंडीला जो मान आहे, तो बाजारातील भावावरून मोजता येत नाही. कांदा, लसूण आणि बटाटा यांना जेथे प्रवेश नाही, तेथे जिरे, हिरवी मिरची आणि दाण्याचे कूट एवढ्यावर उभी राहणारी ही भाजी आठवड्यातून एकदा-दोनदा तरी ताटात येतेच. निवडताना टोक मोडून पाहायचे, कोवळी की जून ते ठरवायचे, आणि आत अळी नाही ना याची खात्री करण्यासाठी प्रत्येक भेंडी उभी चिरून पाहायची, ही रीत तर अनेक घरांत आजीकडून नातीकडे चालत आलेली आहे. मात्र त्या टोपलीत एक गोष्ट सहसा दिसत नाही : फिकट पिवळी, आखूड, राठ झालेली भेंडी. ती दिसत नाही, कारण ती शेतातच टाकून दिलेली असते; आणि एके काळी शेतेच्या शेते तशा भेंडीने भरून जात असत.

हा रोग शेतकऱ्यांच्या बोलीत 'केवडा' किंवा 'हळद्या' म्हणून ओळखला जातो. नावे सुंदर, रोग निर्दय. प्रथम पानाच्या शिरा पिवळ्या होतात आणि शिरांमधील भाग हिरवाच राहतो. त्यामुळे उजेडाकडे धरलेले पान सोनेरी जाळीसारखे दिसते. काही दिवसांत ती जाळी पसरते, पान संपूर्ण पिवळे पडते, नवी पाने लहान येतात आणि फळेही पिवळसर, कठीण निघतात. झाड मरत नाही, हाच त्यातील मोठा छळ. ते उभे असते, पाणी पिते, खत खाते; पण त्याच्या फळांना बाजारात गिऱ्हाईक नसते. शास्त्री आणि सिंग या संशोधकांनी 1974 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार उगवणीनंतर 35 दिवसांच्या आत रोग आला तर सुमारे 94 टक्के उत्पन्न बुडते. 50 दिवसांनी आला तर 84 टक्के, आणि 65 दिवसांनी आला तरी जवळजवळ निम्मे. भेंडीचा पहिला तोडा साधारणपणे दीड-पावणेदोन महिन्यांत येतो, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या पहिल्या 35 दिवसांची किंमत कळते.

या रोगाची पहिली शास्त्रीय नोंद महाराष्ट्राच्याच भूमीतली आहे. मुंबई इलाख्यातील पिकांच्या रोगांचा आढावा घेताना कुलकर्णी यांनी 1924 साली तो नोंदवला. पुढे 1940 साली उप्पल, वर्मा आणि कपूर यांनी त्याला पिवळ्या शिरांचा मोझॅक हे नाव दिले. कपूर व वर्मा यांनी 1950 साली प्रसिद्ध केलेल्या विस्तृत अभ्यासातून त्याच्या प्रसाराची वाट स्पष्ट झाली. रोगट पानाचा रस निरोगी पानावर चोळला तर रोग लागत नाही. कलम बांधले तर लागतो, आणि पांढऱ्या माशीने दोन्हींचा रस शोषला तरी लागतो. ही माशी जेमतेम एक मिलिमीटर लांबीची. पानाच्या मागच्या बाजूला ती बसते आणि झाड हलवले की राखेसारखी भुर्रकन उडते. एकदा रोगट झाडाचा रस तिच्या पोटात गेला की पुढे ती जेथे जाईल तेथे रोगाचे बीज घेऊन जाते. माशी एकटी काही विशेष बिघडवत नाही. बिघडवतो तो तिच्या सोंडेतून प्रवास करणारा विषाणू.

स्वातंत्र्यानंतर दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत या रोगावर वाण शोधून उपाय करण्याचे काम हरभजन सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाती घेतले. पश्चिम बंगालमधून आलेल्या एका भेंडीला रोग होत असूनही त्याची लक्षणे दिसत नसत. तिचा 'पुसा मखमली' या वाणाशी संकर करून 'पुसा सावनी' हा वाण निर्माण झाला आणि 1960 च्या सुमारास तो देशभर पसरला. लांबट, हिरवीगार, पाच कडांची भेंडी म्हणजे पुसा सावनी, असेच समीकरण झाले. परंतु तिची ताकद ही रोगाला रोखण्याची नव्हती, तर रोग सोसण्याची होती. हा भेद कागदावर बारीक वाटतो. शेतात तो फार मोठा ठरतो. सोसणारे झाड स्वतः हिरवे दिसते, पण विषाणू त्याच्या अंगात असतोच. दीड दशक उलटले नाही तोच पुसा सावनीचीही पाने जाळीदार पिवळी होऊ लागली. लागवडीच्या भेंडीत, म्हणजे देशभरातून गोळा केलेल्या शेकडो नमुन्यांत, खात्रीची प्रतिकारशक्ती काही सापडेना.

येथे परभणीचा प्रवेश होतो.

परभणीची शेती-संशोधनाची परंपरा विद्यापीठाहून जुनी आहे. निजामाच्या हैदराबाद संस्थानाने 1918 साली येथे मुख्य प्रायोगिक शेत सुरू केले. पुढे 1956 साली कृषी महाविद्यालय आले, आणि 18 मे 1972 रोजी मराठवाडा कृषी विद्यापीठाची स्थापना झाली. (2013 पासून त्याला वसंतराव नाईक यांचे नाव आहे.) स्थापनेचे वर्ष म्हणजे मराठवाड्याच्या आठवणीत खोल रुतलेले दुष्काळाचे वर्ष. लोक खडी फोडण्याच्या कामावर होते, सुकडीवर दिवस काढत होते. त्या वर्षी उभ्या राहिलेल्या विद्यापीठाकडून अपेक्षा ज्वारीची होती, कापसाची होती, तुरीची होती. भेंडीसारख्या दुय्यम भाजीसाठी कोणी वर्षानुवर्षे खपेल, असे तेव्हा वाटले नसावे. पण एन. डी. जांभळे आणि वाय. एस. नेरकर या दोन शास्त्रज्ञांनी ते काम केले. डॉ. नेरकर पुढे राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे कुलगुरू झाले.

त्यांचा विचार असा होता : घरात जे नाही ते भाऊबंदांत शोधावे. भेंडीची अनेक रानटी आणि अर्धरानटी भावंडे आहेत. अॅबेलमॉस्कस हे त्यांचे कुलनाम. त्यांतील 'मॅनिहॉट' या जातीला हा रोग होत नाही, असे दिसून आले होते. पण तिची फळे भाजीच्या कामाची नाहीत. केसाळ, आखूड आणि राठ. अशा दोन जातींचा संकर करणे म्हणजे दोन दूरच्या घराण्यांचे लग्न जुळवण्याइतकेच अवघड, आणि अडचण केवळ उपमेची नाही. प्रत्येक सजीवाच्या पेशीत गुणसूत्रांची ठराविक संख्या असते. भेंडीची संख्या सामान्यतः 130 मानली जाते आणि ती वनस्पतींतही बरीच मोठी आहे. याचे कारण दिल्लीला ए. बी. जोशी आणि हर्डास यांनी 1956 साली दाखवून दिले होते : आजची भेंडी ही मुळात दोन वेगवेगळ्या रानटी जातींच्या मिलनातून, दोघींची संपूर्ण गुणसूत्रे एकत्र येऊन जन्मली. एकीकडून 29 आणि दुसरीकडून 36 अशी 65 गुणसूत्रे, आणि त्यांची दुप्पट 130. म्हणजे जी भाजी अस्सल एकजिनसी म्हणून ताटात येते, ती स्वतःच एका प्राचीन संकराची संतती आहे. भावंडांची गुणसूत्रसंख्या मात्र वेगवेगळी असते. त्यामुळे संकर केला तरी पुष्कळदा बी धरत नाही, धरले तर उगवत नाही, उगवले तर पुढची पिढी वांझ निघते.

परभणीच्या संकरातून आलेली झाडे रोगमुक्त होती. मात्र त्यांची बीजधारणा अपुरी होती. मिळाले तेवढे बी पुढे पेरून, त्यांची संतती मोजून, रोगट किती आणि निरोगी किती याचे प्रमाण या शास्त्रज्ञांनी तपासले. 1981 साली आनुवंशिकीच्या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधाचा निष्कर्ष आश्वासक होता : ही प्रतिकारशक्ती एकाच प्रभावी जनुकामुळे येते. प्रभावी याचा अर्थ असा, की आईबापांपैकी एकाकडून जरी ते जनुक आले तरी संततीत त्याचा गुण दिसतो. दहा-वीस जनुकांवर विखुरलेला गुण एका झाडातून दुसऱ्या झाडात नेणे जवळजवळ अशक्य. एका जनुकाचा गुण नेता येतो. मेंडेलने मठाच्या बागेत वाटाण्यांवर केलेली मोजदाद येथे शंभराहून अधिक वर्षांनी भेंडीच्या वाफ्यात उपयोगी पडली.

पुढचे काम चिकाटीचे. संकरित झाडात निम्मा वारसा रानटी असतो. त्याचा पुन्हा पुसा सावनीशी संकर केला की तो सरासरीने चौथा हिस्सा उरतो, आणखी एकदा केला की आठवा, मग सोळावा. दर पिढीत ज्यांना रोग होतो ती झाडे बाजूला सारायची; ज्यांना होत नाही पण फळे राठ येतात तीही सारायची; उरतील त्यांचेच बी धरायचे. रोगाची परीक्षा घेण्यासाठी अशा प्रयोगांत शेजारी मुद्दाम रोगाला बळी पडणाऱ्या वाणाच्या ओळी लावतात, म्हणजे माशीला आणि विषाणूला तुटवडा पडू नये. शेतकरी ज्या दृश्याला भितो, तेच दृश्य शास्त्रज्ञाने हौसेने उभे करायचे, असा हा विलक्षण व्यवहार आहे. एक पिढी म्हणजे एक हंगाम; हंगाम चुकला की सहा महिने गेले. या साऱ्यातून सिद्ध झालेल्या वाणाची माहिती 1986 साली अमेरिकेतील फलोद्यानशास्त्राच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. वाणाचे नाव 'परभणी क्रांती'.

नाव थोडे भारदस्त वाटेल, पण ते फोल ठरले नाही. गर्द हिरवी, सडपातळ, पाच कडांची ही भेंडी रोगाच्या हंगामातही हिरवी राहिली, आणि मराठवाड्यातून निघून देशभरच्या बियाणे-दुकानांत पोहोचली. परभणीचे नाव ज्यांनी नकाशावर कधी शोधले नाही, त्यांनी ते बियाण्याच्या पुडीवर वाचले. पुढे 'परभणी मोती' ही ज्वारी आली, आणि 2018 साली हैदराबादजवळील इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या सहकार्याने लोह व जस्त यांचे प्रमाण वाढवलेली 'परभणी शक्ती' ही ज्वारी आली. त्या ज्वारीची गोष्ट स्वतंत्र लेखाएवढी आहे.

परभणी क्रांतीचे आणखी एक वैशिष्ट्य होते, ज्याची त्या काळी फारशी चर्चा झाली नाही, कारण तेव्हा ते स्वाभाविकच वाटे. हा सरळ वाण होता, संकरित बियाणे नव्हे. शेतकऱ्याने चांगली चार झाडे राखून, शेंगा वाळवून, राखेत किंवा कडुनिंबाच्या पाल्यात बी ठेवले तर पुढच्या वर्षी तीच भेंडी उगवे. अट एवढीच की शेजारच्या रानात दुसरी भेंडी नसावी. भेंडीचे फूल सकाळी उमलते, त्याच दिवशी मिटते. स्वपरागीभवन होत असले तरी मधमाश्या आणि भुंगे परागकण इकडून तिकडे नेतातच. म्हणून प्रमाणित बियाण्यासाठी 200 मीटर आणि पायाभूत बियाण्यासाठी 400 मीटर अंतर राखण्याचा दंडक आहे. दोन-तीन एकरांच्या वाटण्या झालेल्या शिवारात हे अंतर आणायचे कोठून, हा प्रश्न शेतकऱ्याला पडतोच. तरीही घरचे बी ही त्याची मोकळीक होती. आज भाजीबाजारासाठी पिकणाऱ्या भेंडीत खासगी कंपन्यांच्या संकरित वाणांचा बोलबाला आहे. त्यांचे उत्पन्न अधिक, फळे एकसारखी; पण बी दर हंगामी विकत घ्यायचे. यात कोणाचा दोष आहे असे म्हणणे सोपे आहे आणि अर्धवटही. व्यापारी एकसारखा माल मागतो, गिऱ्हाईक एकसारखी भेंडी निवडते.

मात्र परभणी क्रांती मागे पडण्याचे कारण केवळ बाजार नव्हे. विषाणूनेही आपली बाजू बदलली. मदुराई कामराज विद्यापीठातील जोस आणि उषा यांनी 2003 साली या रोगाचे अंतरंग उलगडून दाखवले. विषाणूचे डीएनए केवळ 2,700 अक्षरांच्या आसपास. मनुष्याच्या डीएनएतील सुमारे तीन अब्ज अक्षरांपुढे ते एखाद्या चिठ्ठीएवढे. पण ही चिठ्ठी एकटी आली तर झाडाला खरा केवडा होत नाही. तिच्यासोबत तिच्या निम्म्या लांबीचा आणखी एक तुकडा, उपग्रहासारखा, प्रवास करतो. दोघे एकत्र आले की शिरा पिवळ्या पडतात. असे निरनिराळे विषाणू एकाच झाडात भेटले की त्यांच्या तुकड्यांची देवाणघेवाण होते आणि नवे प्रकार निपजतात. एका जनुकाने उभारलेली भिंत अशा शत्रूपुढे किती काळ टिकावी? जे एक जनुक वाणाची निर्मिती सोपी करते, तेच त्याचे नाजूक ठिकाण ठरते. परभणी क्रांतीची प्रतिकारशक्ती अनेक भागांत हळूहळू ढासळली. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने 'टेट्राफायलस' या दुसऱ्या रानटी जातीशी संकर करून 'अर्का अनामिका' हा वाण दिला. त्याच्याही वाट्याला पुढे पुष्कळ ठिकाणी तेच आले.

वाण ढासळला की हाती फवारणीचा पंप येतो, आणि भेंडीच्या बाबतीत हा पंप विशेष अडचणीचा आहे. कापसावर फवारलेले औषध बोंडे फुटेपर्यंत महिनोन्महिने विरत जाते. भेंडी मात्र एक दिवसाआड तोडावी लागते. दोन दिवस उशीर झाला तर ती जून होते आणि बाजारात उचलली जात नाही. मानवत-सेलूच्या रानांत पहाटे हाताला फडकी गुंडाळून भेंडी तोडणाऱ्या बाया दिसतात, कारण झाडाची लव हाताला खाजवते आणि बोटे चिरते. औषधाच्या डब्यावर लिहिलेला प्रतीक्षा-काळ पाळायचा तर दोन-तीन तोडे सोडून द्यावे लागतील. सोडले तर त्या बायांची मजुरी गेली, मालकाचा आठवड्याचा बाजार गेला. न सोडले तर औषध भाजीबरोबर ताटात गेले, आणि त्याआधी तोडणाऱ्या हातांना लागले. शिवाय माशी लवकरच औषधांना सरावते. तिच्या पिढ्या उष्ण कोरड्या हवेत दोन-तीन आठवड्यांत पालटतात. मरतात ते प्रथम तिला खाणारे ढालकिडे आणि फुलावर येणाऱ्या मधमाश्या. भेंडी उभी चिरून अळी वाचवणाऱ्या घरापर्यंत ही भाजी येते, तेव्हा तिच्या मागे किती जीव गेले हे त्या चिरण्यात दिसत नाही. म्हणून कृषिशास्त्रज्ञ निंबोळी अर्क, पिवळे चिकट सापळे, पहिल्या पंधरवड्यातच रोगट रोपे उपटून टाकणे, बांधावरील माशीला आसरा देणारी तणे काढणे, असे उपाय सुचवतात. त्यांतील एकही रोगावर विजय मिळवून देत नाही. पण सारे मिळून फवारण्यांची संख्या कमी करतात, आणि व्यवहारात तेच मोठे असते.

या उपायांतील शेवटच्यात एक पेच दडलेला आहे. बांधावरील सारी झाडझाडोरी माशीला आसरा देणारी नसते, आणि तणनाशकाला भेद कळत नाही. मराठवाड्याच्या काळ्या कसदार जमिनीत पावसाळ्याच्या उत्तरार्धात बांधाकडेला एक रानभेंडी उगवते. शास्त्रीय नाव 'फिकुल्नियस'. हिच्या गुणसूत्रांची अर्धी संख्या 36. भेंडीच्या मूळ जन्मदात्यांपैकी ज्या दुसऱ्या बाजूचा शोध जोशी-हर्डास यांच्यापासून चालला, त्या बाजूच्या संभाव्य नावांत हिचे नाव घेतले जाते. नवे वाण घडवणाऱ्यांना अशा जातींची गरज वारंवार पडत आली आहे. परभणी क्रांतीचा सारा इतिहास एका न खाण्याजोग्या भावंडावर उभा आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्यूरोत भेंडीवर्गीय बियाण्यांचे नमुने शीतगृहात जपलेले आहेत, अकोल्यातही त्या संस्थेचे केंद्र आहे. शीतगृहातील बी मात्र जसे गोळा केले तसेच राहते. बांधावरचे झाड दर वर्षी नव्या माशीला, नव्या विषाणूला तोंड देत बदलत असते.

परभणी परिसरात आता रस्ते रुंद झाले, बांध अरुंद झाले आणि तणनाशकाच्या बाटल्या गावच्या दुकानात मिळू लागल्या. तरी भाद्रपदाच्या अखेरीस एखाद्या नांगर न पोहोचलेल्या कोपऱ्यात ती रानभेंडी आजही फुलते. सकाळी तिच्या पाकळ्या पांढऱ्या असतात, मध्यभागी जांभळा ठिपका. मावळण्याआधी त्यांच्यावर गुलाबी छटा चढते. फळावर दाट लव असल्यामुळे गुरेही तिच्याकडे फारशी वळत नाहीत, आणि शेतकरी तिला तण समजून उपटतो किंवा, हात मोकळा नसेल तर, तशीच राहू देतो.